धाव

बैलगाडीच्या चाकावर जो लोखंडी पट्टा चढवतात, त्याला मराठीत 'धाव' म्हणतात. तुंबा, आरे, पाटे, धाव अशी चाकाची सारी नावे ज्या भाषेजवळ होती, तिने रिम आणि टायर हे शब्द कुरकुर न करता घेतले. टायर म्हणजे रबराची धावच. परंतु दोहोंमधले नाते शब्दकोशात सापडण्यासारखे नाही. ते आम्हांस सापडले ते घराच्या अंगणात, जुन्या बजाजचा मागचा टायर स्वतः बदलताना.

छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे २०२३ पूर्वीच्या औरंगाबादेत, हे काम जाणणारी माणसे शोधावी लागत नाहीत. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि इथल्या कितीतरी घरांत पगाराबरोबर पान्यांची ओळखही आली. आमच्या शेजारचे काका वाळूजच्याच एका कारखान्यातून निवृत्त झालेले. ते कट्ट्यावर बसून पाहत होते.

गाडी डबल स्टँडवर घ्यायची, चाक बाहेर काढायचे, व्हॉल्व्हची पिन काढून ट्यूबमधली हवा पूर्ण सोडायची. इथवर सारे सोपे. गाडे अडते ते पुढे. टायरच्या कडेत पोलादी तारेचे वेढे असतात आणि ते ताणत नाहीत. रिमच्या काठाचा घेर त्यांच्याहून मोठा. लहान वर्तुळ मोठ्या वर्तुळावरून न्यायचे कसे?

"सर, जोर लावू नका," काका म्हणाले. "समोरची कड पायाने खाली दाबा."

रिमच्या मध्यभागी खोलगट भाग असतो. समोरची कड त्यात उतरली की अलीकडे तेवढीच सैल मिळते आणि दोन लोखंडी पट्ट्यांनी टायर मुकाट्याने बाहेर येतो. डनलॉपने १८८८ मध्ये बेलफास्टला मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर केला. त्यानंतर दोनच वर्षांनी चार्ल्स किंग्स्टन वेल्च या इंग्रजाने तारेची कड आणि खोलगट रिम ही जोडी सुचवली. आजही तोच उपाय चालतो.

लोहारापुढेही प्रश्न हाच होता. धाव चाकापेक्षा किंचित लहान ठेवलेली असते. तो ती गोवऱ्यांच्या जाळात लाल करतो, फुगलेली धाव चाकावर चढवतो आणि वरून पाणी ओततो. ती आवळते व सारे सांधे घट्ट होतात. लोखंड तापवता येते, म्हणून तिथे वर्तुळ वाढते. टायरची तार तापवता येत नाही, म्हणून इथे रिमच मधोमध नमते घेते. नवा टायर आम्ही आधी तासभर उन्हात ठेवला होता, रबर नरम पडावे म्हणून. मराठवाड्याच्या उन्हाचा तेवढा तरी उपयोग!

टायरवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेने ठेवला, ट्यूब पट्टीत चिमटू नये म्हणून तीत थोडी हवा भरली, आणि शेवटची कड व्हॉल्व्हपाशी आत घातली. काम झाले. तरी मन थाऱ्यावर नव्हते. आम्ही साहित्याचे शिक्षक. वर्गात एखाद्या कवितेचा अर्थ ढिला बांधला गेला तरी त्यामुळे कुणी रस्त्यावर पडत नाही. ही गाडी मात्र दुसऱ्या दिवशी आमची मुलगी जालना रोडच्या वाहतुकीतून विद्यापीठात नेणार होती.

काकांनी आम्हांला शाबासकी दिली नाही. चाक फिरवून रिमच्या काठालगत टायरवर असलेली बारीक रेघ दाखवली. ती सगळीकडे काठापासून सारख्या अंतरावर दिसली, तर टायर बसला. कुठे बुडाली, तर हवा सोडून पुन्हा बसवायचा. करणारा कोण, किती शिकलेला, याच्याशी त्या रेघेला कर्तव्य नाही. आमच्या समीक्षेत अशी रेघ कोणती, हा प्रश्न त्या दिवसापासून आमच्या मागे लागला आहे. वाचकाला आमच्या अधिकारावर विसंबून न राहता स्वतः पडताळता येईल, असे आम्ही किती लिहितो?

आम्ही मुलीला बोलावून ती रेघ दाखवली. तिने चाक सावकाश दोनदा फिरवले, खाली वाकून दोन्ही बाजू पाहिल्या, एक्सलच्या नटावर पाना लावून ओढून पाहिला, आणि मग किल्ली मागितली.