लागणे

३ जुलै २०२४, केळापूर तालुका
शाळा लागली. पोडावरची, म्हणजे कोलामांच्या वस्तीतली, पोरं घरी कोलामी बोलतात, बाजारात वऱ्हाडी आणि पुस्तकात तिसरीच मराठी वाचतात. आज विरुद्धार्थी शब्द घेतले. वर-खाली, दिवस-रात्र सरसर झालं. मग एका मुलीनं विचारलं, "सर, 'लागला'च्या उलटं काय?" काय लागलं ते सांग, म्हटलं. दिवा लागला तर विझला. दार लागलं तर उघडलं. भूक लागली तर भागली. डोळा लागला तर? "उघडला!" सगळा वर्ग ओरडला. नाद लागला तर सुटला, दृष्ट लागली तर उतरली. फळ्यावर जागा उरली नाही.

११ जुलै
पाऊस लागून राहिला आहे. उघडला की डवरे निघतील.
रात्री मोल्सवर्थचा कोश काढला, १८५७ची आवृत्ती. 'लागणें'खाली अर्थांमागून अर्थ. वर्गातल्या पोरांची कोलामी मात्र द्रविड कुळातली, तेलुगू आणि गोंडीची नातलग. भाषाशास्त्रज्ञ मरे एमेनो यांनी तिचं व्याकरण १९५५ साली छापलं. एवढी जुनी, धड व्याकरण असलेली भाषा घेऊन जे पोर पहिलीत येतं, त्याला 'भाषा कच्ची' असा शेरा मिळतो. मला हे सहन होत नाही. 'लागणे'चा एकेक अर्थ ही पोरं परक्या भाषेत जिद्दीनं शिकतात. आपल्याला ते आईच्या मांडीवर फुकट मिळालं.

२ सप्टेंबर, पोळा
पोडावर जेवायला बोलावलं होतं. पऱ्हाटीला पात्या लागल्या, खालची बोंडंही धरली आहेत. पात्या लागल्याच्या उलट पात्या गळल्या, हे इथल्या लहान पोरालाही सांगावं लागत नाही. पण बोंड लागतं तशी अळीही लागतेच. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं कापूस पोखरला. त्याच हंगामात फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यातली कितीतरी माणसं गेली. फवाऱ्यातल्या त्या विषाला इथे औषधच म्हणतात. दवाखान्यातलं औषध लागू पडलं की माणूस उठून बसतो, फवाऱ्यातलं लागू पडलं की अळी मरते. वर्गात हे वाक्य कसं घ्यावं, यावर बराच वेळ विचार करतो आहे. घ्यायचं मात्र नक्की.

२१ ऑक्टोबर
पांढरकवड्याच्या स्टँडवर. यवतमाळची गाडी फलाटाला लागली, पाच मिनिटांत सुटली. शेजारी बसलेला मुलगा आजीला म्हणाला, "मले गाडी लागते." आजीनं लगेच खिडकीची जागा दिली. कंडक्टरनं तिला विचारलं, हा तुमचा कोण लागतो? "नातू." या लागण्याला उलटा शब्द सापडत नाही. नातं तुटलं तरी आजी आजीच लागते.

१८ नोव्हेंबर
वेचणी लागली, वर्ग अर्धा रिकामा. चाचणी काढली. सुटे शब्द एकही दिले नाहीत, पूर्ण वाक्यं दिली. विरुद्धार्थी शब्दासाठी नुसती रिकामी जागा छापणं हा मुलांवर अन्याय आहे, असं माझं ठाम मत झालं आहे. शब्द कुणाला चिकटला आहे हे कळल्याशिवाय त्याची उलट बाजू कळणार कशी?
शेवटचं वाक्य होतं, 'शेताची वाट लागली.' एकानं लिहिलं, 'शेत मार्गी लागलं.' जुलैत 'लागला'च्या उलटं विचारणाऱ्या मुलीनं लिहिलं, 'शेत पिकलं.' दोघांनाही पूर्ण गुण दिले.