लॅव्हनमची वाकडी घरं

पुण्यात एखादा वाडा पाडला की मी हमखास इंग्लंडचं उदाहरण द्यायचे. सफोकमधलं लॅव्हनम बघा, म्हणायचे. पाचशे वर्षांपूर्वीची लाकडी घरं, आणि माणसं अजून त्यांत नांदताहेत. त्यांना इतिहासाची कदर आहे, आपल्याला नाही. या गावाचा इतिहास खोलात वाचला आणि माझं मत पार बदललं.

लॅव्हनम श्रीमंत झालं ते लोकरीच्या जाड, निळ्या कापडावर. १५२४ च्या सुमारास या एवढ्याशा गावाचा इंग्लंडमध्ये श्रीमंतीत चौदावा क्रमांक होता. १५२३ मध्ये वारलेल्या थॉमस स्प्रिंग या कापड व्यापाऱ्यानं चर्चच्या मनोऱ्यासाठी पैसे ठेवले; १४१ फुटी मनोऱ्याच्या कठड्यावर त्याच्या घराण्याचं चिन्ह ओळीनं कोरलेलं आहे. चौकातला गिल्डहॉल, म्हणजे गिल्ड या संघाचं सभागृह, १५३० च्या आसपासचा. घरं बांधली ती ओकच्या ओल्या लाकडाच्या सांगाड्यावर, मधल्या जागेत काटक्यांचा कूड आणि त्यावर पेंढा मिसळलेल्या मातीचा गिलावा. लाकूड जागेवरच वाळत गेलं, पिळवटलं, आणि घरं आज दिसतात तशी कलली.

मग कोल्चेस्टरला आलेले डच विणकर हलकं, स्वस्त कापड विणू लागले आणि लॅव्हनमचं जाड कापड मागे पडलं. पुढे इतर गावांतल्या पैसेवाल्यांनी जुनी घरं पाडून विटांची बांधली, निदान दर्शनी भाग तरी नव्या तऱ्हेचा करून घेतला. लॅव्हनममध्ये ते परवडणारे थोडेच उरले होते. मोठ्या घरांत तीन-तीन, चार-चार बिऱ्हाडं राहिली. गिल्डहॉलचा तुरुंग झाला, पुढे गोरगरिबांना कामाला जुंपणारं वर्कहाऊस. ज्या घरांना मी जतनाचा आदर्श म्हणत होते, ती शेकडो वर्षं टिकली ती गावाकडे पैसा नव्हता म्हणून. कदर आली खूप नंतर, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला. गिल्डहॉल नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे गेला तो १९५१ मध्ये. आज त्याच्या देखभालीमागे सभासदांची वर्गणी आहे, तिकिटांचा पैसा आहे.

हे कळल्यावर त्या घरांविषयीचं माझं प्रेम उलट वाढलं. स्प्रिंगपेक्षा मला आता त्या बिऱ्हाडांतली माणसं जवळची वाटतात, ज्यांनी गळकं छप्पर शाकारत, भिंतीला माती लिंपत तिथे दिवस काढले. त्यांची नावं कुठल्याच कठड्यावर नाहीत.

आणि पुण्याचं म्हणाल तर शनिवार-सदाशिव पेठेत वाड्याखालच्या जमिनीला आज सोन्याचा भाव आहे. वर पिढ्यान्‌पिढ्यांचे भाडेकरू, हातात पडणारं भाडं नाममात्र, आणि तुळई बदलायची तर खर्च लाखांत. अशा मालकाला बेकदर म्हणणं मी सोडून दिलंय. वाडे वाचावेत ही तळमळ तशीच आहे, पण आता कुणी वाडा वाचवायची गोष्ट काढली की त्या तुळईचा खर्च कोण उचलणार, हे मी आधी विचारते.