माळावरचा एक दिवस



आमच्या दिंडीतल्या एका टाळकऱ्याचा मुलगा नोकरीसाठी केनियात असतो. दिवाळीला गावी आला तेव्हा मसाईमाराच्या रानात दिवसभर जीपमधून फिरून पाहिलेले सिंह, हत्ती, हरणांचे कळप त्याने मला मोबाईलवर दाखवले. पाहून आनंद झाला, खोटे कशाला बोलू? पण शेवटी तो म्हणाला, "महाराज, आपल्याकडे असं काही राहिलं नाही." मी त्याला विचारले, "वारीत वरवंडचा मुक्काम हलला, पाटस मागे पडले, रोटी घाट चढला, की पुढे उघडा माळ लागतो. तो काय आहे?" तो गप्प. दोष त्याचा नाही. मीही चाळीस वर्षे त्या माळावरून चाललो, पण डोळे पालखीकडे आणि कान मृदंगाकडे.

म्हणून पौषात एके दिवशी काकडा आटोपला आणि नातवाच्या जीपमध्ये बसून शिरूरहून निघालो. न्हावरे, पारगाव, चौफुला करीत सुप्याला पोचलो तो दिवस नुकता उगवत होता. तिथे मयूरेश्वर अभयारण्य आहे, 1997 साली जाहीर झालेले. आकाराने लहान, सारे पाच चौरस किलोमीटरच्या आसपास. वडील मंडळी ज्याला 'पडीक माळ' म्हणत, तोच हा. पण त्या पिवळ्या गवतात चिंकारा राहतो. कोवळा पाला आणि त्यावरचे दव यांवर तो पाण्यावाचून दिवस काढतो. आमच्या निर्जला एकादशीचे कौतुक आम्हीच करतो, त्याची मात्र वर्षभर एकादशी! पाच चिंकारे एका बोरीच्या झुडपाआड उभे होते. आम्ही थांबलो तसे तेही थांबले, काळी शेपटी हलवीत. मग एकाएकी उधळले आणि गवतात विरून गेले. धाविक म्हणून एक पक्षी दिसला, मातीच्याच रंगाचा. दहा पावले पळतो, थबकतो, पुन्हा पळतो. चंडोल वर आभाळात जाऊन गात होता. खोकड दिसले नाही. नातू हिरमुसला, मी नाही.

आता खरे कारण सांगतो. मी केवळ हरणे पाहायला गेलो नव्हतो.

2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात आमच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेडच्या बाजूला बिबट्याने माणसे मारली. त्यांत लेकरे होती. घोड-कुकडीचे पाणी आले, ऊस आला, आणि उसात बिबट्या आला. आता मादी उसातच विते. बछड्यांना डोंगर ठाऊकच नाही, ऊस हेच त्यांचे रान. तोडणीत बछडी सापडली की वनखात्याची माणसे ती रात्री तिथेच ठेवतात, आई येऊन घेऊन जाते. हे सारे मला ठाऊक होते. त्याच दिवसांत घोडकाठच्या एका वाडीवर सप्ताह होता. कीर्तन सोडून मला दोन वर्षे झाली होती, पण आग्रह मोडवला नाही. रात्रीचे कीर्तन दुपारी ठेवले होते, सगळ्यांना उजेडात घरी जाता यावे म्हणून. मी नाथांची कथा लावली, तहानेल्या गाढवाला काशीची गंगा पाजल्याची. सर्वांभूती देव, हे निरूपण हजार वेळा केलेले. कीर्तन संपल्यावर लेकरू कडेवर घेतलेली एक बाई पाया पडली आणि म्हणाली, "महाराज, बिबट्यात पण इठ्ठल हाय का?" मी सवयीने म्हणालो, "आहे, बाई." ती म्हणाली, "मग त्याला माझं लेकरू कशाला पायजे?"

पन्नास वर्षांच्या पाठांतरात मला उत्तर सापडले नाही.

दुपारी अभयारण्याबाहेर एका धनगराचा वाडा पडला होता. भाकरी तिथेच सोडली. म्हातारा माझ्याच वयाचा. त्याने ओढ्याकडे बोट केले, "त्यो बगा." मातकट अंगाचा लांडगा टेकाडाच्या कडेने शांतपणे चालला होता, कोणाचे देणे नसल्यासारखा. मी विचारले, "कोकरं नेतो का?" म्हणाला, "नेतो की. त्यो त्याचा वाटा." मग मी जरा धीर करून विचारले, "आणि पोर उचललं असतं तर?" म्हातारा माझ्याकडे बघतच राहिला. "मग काठी घेतली असती, महाराज. देव मागनं बगितला असता."

तीनलाच आम्ही निघालो. नातवाला म्हटले, शिरूरला न थांबता आधी त्या वाडीवर घे. दिवस अजून हातभर वर होता. बाई गुरांना वैरण टाकत होती. लेकरू ओट्यावर आजीजवळ. बाईच्या गळ्यात खिळे बाहेर काढलेला पट्टा होता. आता तिकडे बरेच जण रानात जाताना असा पट्टा घालतात, बिबट्या नरड्याला धरतो म्हणून. पट्ट्याखाली तुळशीची माळ होती. खिळ्यांत अडकू नये म्हणून तिने ती चोळीत खोचली होती.

मी म्हणालो, "बाई, त्या दिवशी मला उत्तर आलं नव्हतं. आजही नाही." आणि धनगर काय म्हणाला, ते जसेच्या तसे सांगितले.

तिने पट्टा काढून खुंटीला अडकवला, माळ बाहेर काढून सारखी केली. "बसा, महाराज, च्या ठेवते," म्हणाली. "पर अंधार पडायच्या आत निघा."