वाटसरूंची यादी

कायद्याची भाषा रूक्ष असते, ही साहित्याच्या अभ्यासकांची एक आवडती समजूत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमातले सत्ताविसावे कलम वाचताना आम्हांला ती अपुरी वाटली. अभयारण्यात कोणी जावे याची तिथे यादी आहे : कामावरचा सरकारी सेवक, परवानाधारक, आत जमीनजुमला असलेला माणूस, या तिघांचे आश्रित आणि सार्वजनिक हमरस्त्याने पार जाणारा वाटसरू. ‘प्रवेश’ या एका शब्दात किती निरनिराळी माणसे सामावलेली असतात, हे त्या कलमाला ठाऊक आहे.

अकोले तालुक्यात, १९८६ साली घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात, या यादीचा अर्थ उमगतो. पावसाच्या तोंडावर तिथले हिरडे-सादडे काजव्यांनी उजळतात. नर लुकलुकून साद घालतो, मादी तशीच उत्तर देते. मोटारीच्या दिव्यांच्या झोतात हा संवाद तुटतो. एका वर्षी भंडारदऱ्याच्या बाजूला आम्ही गाव गाठून पुढे पायीच निघालो होतो. रस्त्यावर शहरी गाड्यांची रांग होती आणि समोरून एका आजारी म्हातारीला घेऊन आलेली जीप त्या रांगेत अडकली होती. दोन्ही वाहनेच, पण त्यांना एकच नियम लावणे हा न्याय नव्हे.

अमेरिकेत २०२५ साली नेमका हा विवेक बाजूला पडला. ग्लेन कॅनियन या सार्वजनिक क्षेत्रात आडवाटांवर कोणती वाहने कुठे न्यावीत, याचा नियम तिथल्या राष्ट्रीय उद्यान सेवेने त्या जानेवारीत केला होता. काँग्रेसने १९९६ च्या एका कायद्याचा आधार घेऊन तो रद्द केला. त्या कायद्याखाली नियमात दुरुस्ती सुचवता येत नाही. केवळ ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणता येते. एकदा ‘नाही’ म्हटले की नवा कायदा झाल्याखेरीज तशाच स्वरूपाचा नियम पुन्हा करता येत नाही.

लोकप्रतिनिधींनी खात्यांना जाब विचारू नये, असे आम्ही म्हणणार नाही. आमच्याच जिल्ह्याने उलट टोकही पाहिले आहे. १९७९ साली सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत माळढोकासाठी ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य आखले गेले. वस्त्या, शेते, रस्ते, सारे एकाच रेषेच्या आत आले. पुढे ते क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावे लागले. सरसकट मनाईचा शेवट बहुधा सरसकट माघारीत होतो.

आपल्याकडे अभयारण्याची सीमा बदलण्यासाठी १९९१ च्या दुरुस्तीने राज्य विधिमंडळाचा ठराव आवश्यक केला; २००२ च्या दुरुस्तीने त्याजागी राष्ट्रीय मंडळाची शिफारस आली. अधिकार कोणाकडे असावा, हा वाद चालतच राहील. आम्हांला अधिक मोलाचा वाटतो तो यादी करण्याचा धीर. विधिमंडळाने खात्याला विचारावे, ‘या यादीत कोण राहून गेले?’ आणि ते नाव जोडून घ्यावे. यादीच फाडून टाकली, तर रस्ता जोरदार इंजिनवाल्याचा होतो. मग म्हातारीची जीप आणि काजव्यांचा अंधार, दोघांनाही वाट मिळत नाही.