वजूची तोटी

गुसलखान्याला टाइल्स बसवायचं ठरलं, तेव्हा मी मिस्त्रीला म्हणालो, "नळ, शॉवर काढत बसू नका. कडेनं टाइल कापून बसवा." एका दिवसाची मजुरी वाचेल, एवढाच माझा हिशेब. मिस्त्री म्हणाला, "सर, मग वर्षभरात मलाच बोलवाल, टाइल फोडायला."

सिल्लोडचं आमचं घर अब्बांनी 1988 साली बांधलं. गुसलखान्यात सिमेंटचा हौद, हौदावर पितळी तोटी आणि जमिनीपासून हातभर उंचीवर दुसरी तोटी, वजूसाठी. तिच्यासमोर एक दगडी चौरंग. शॉवर मी नोकरीला लागल्यावर लावला. अब्बा त्याखाली कधी उभे राहिले नाहीत. पैगंबरसाहेबांना घुस्लला एक साअ, फार तर पाच मुद्द पाणी पुरायचं असं हदीसमध्ये आहे. म्हणजे तीन-साडेतीन लिटर. तेवढं तर तुझा शॉवर गरम पाणी यायच्या आधीच सांडतो, हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला, खालच्या तोट्या उघडून लाइन रिकामी केली. मोरीच्या जाळीत गोणपाट कोंबलं, नाहीतर वॉशर आणि मसाल्याचे तुकडे आत जाऊन मोरी तुंबते. शॉवर लगेच निघाला. बोअरच्या पाण्याच्या क्षारानं त्याची निम्मी भोकं बुजलेलीच होती. हौदावरच्या तोटीवर मिस्त्रीनं रॉकेल सोडलं, चहा प्यायला, मग एका पान्ह्यानं मागचा पाइप धरून दुसऱ्यानं तोटी फिरवली. घाईत नुसती तोटी फिरवली तर भिंतीतला पाइपच पिळवटतो, हे मला त्या दिवशी कळलं.

राहिली वजूची तोटी. तीही त्यानं तशीच धरली होती, पण अर्ध्या वेढ्यात कट्‌ आवाज आला. आटे पाइपातच राहिले. भिंत फोडली तर लोखंडी पाइप पापडासारखा झालेला, हातानं चुरला जात होता. मागची वीट ओली, काळी. त्या भिंतीच्या पलीकडे अब्बांची खोली. चार वर्षं तिथं रंगाचे पोपडे सुटत होते, आम्ही पावसाला बोल लावून दोनदा पुट्टी भरली. अब्बांचा पलंग त्याच भिंतीला लागून. त्यांचा खोकला मी वयावर टाकून मोकळा झालो होतो. खोकला ओलीमुळंच होता असं डॉक्टर म्हणाले नाहीत. मी विचारलंही नव्हतं.

मलिक अंबरच्या नहरीवर ठिकठिकाणी मॅनहोल ठेवलेली होती, आत उतरून गाळ काढता यावा म्हणून. मी मात्र या पाइपावर चकचकीत टाइल चिकटवायला निघालो होतो.

सगळी लाइन बदलली. नवे पाइप टाकून तोंडांना प्लग मारले, पाणी भरून रात्रभर तसेच ठेवले. सकाळी सगळं कोरडं होतं. मसाला आणि टाइल मिळून भिंत पाऊण इंच पुढे येते, म्हणून सॉकेटही तेवढे पुढे घेतले.

त्या आठ दिवसांत अब्बा अंगणात लोट्यानं वजू करत होते. एकदा आत डोकावले. भिंतीवर नव्या नळांच्या पेन्सिलच्या खुणा होत्या: मिक्सर, शॉवर, गीझर. खालची तोटी मी नकाशात धरलीच नव्हती. नव्या पद्धतीत कोण ठेवतं, असं मनात होतं.

अब्बा काही बोलले नाहीत. चौरंग ओढला, भिंतीला धरून बसले आणि रिकाम्या हवेत तोटी सोडतात तसा हात फिरवला. मिस्त्री माझ्याकडे बघत होता.

"चाचा, हात तसाच ठेवा," तो म्हणाला आणि कानावरची पेन्सिल काढली.