पाऊण किलोवॅट

शहराच्या विकास आराखड्यावर राहण्याचा भाग पिवळा रंगवलेला असतो आणि कारखान्यांचा जांभळा. नकाशा पाहायला मोठा सुबक दिसतो. पण ज्या घरात शिवणयंत्र, शिकवणी आणि चकलीचा सोऱ्या एकाच खोलीत नांदतात, त्या घराचा रंग कोणता?

२०१४ सालच्या दिवाळीआधी मुंबईतल्या आमच्या इमारतीत हा प्रश्न उभा राहिला. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू, काका गेल्यापासून, घरी फराळ करून देत. त्यावरच मुलाच्या कॉलेजची फी निघे. त्यांना सोसायटीची नोटीस आली: राहत्या जागेत धंदा चालतो, तो आठ दिवसांत बंद करावा. आपल्याकडे कागद आला की माणूस आधी मास्तर गाठतो, वकील मागाहून. काकू पिठाच्या हातांनीच आल्या. “मास्तर, एवढं वाचून सांगा. कढई चढवू की उतरवू?”

मी कादंबऱ्या लिहितो. पण बृहन्मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने एका वाक्यात जेवढे कोंबले होते, तेवढे मला कधी कोंबता आलेले नाही. ‘घरगुती व्यवसाय’ तिला मान्य होता. मात्र तो घरात राहणाऱ्यानेच करावा, पगारी माणूस लावू नये. घरात होईल तेवढेच विकावे. खाणावळ थाटू नये. शेजाऱ्यांना धोका नसावा. विजेवर यंत्र चालवलेच तर एकूण भार ०.७५ किलोवॅटच्या आत असावा. आणि इथे धंदा चालतो असे बाहेरून दिसू नये.

काकूंचा मिक्सर मी उलटा करून पाहिला. साडेसातशे वॅट! काठावर पास. गिऱ्हाइकाला बसवून खाऊ घालण्याचा प्रश्नच नव्हता. बसायला जागा होती कुठे? दारावर मुलाने हौसेने रंगवलेली पाटी मात्र उतरवावी लागणार होती. अडले ते पगारी माणसापाशी. काकूंचा खांदा धरलेला. म्हणून समोरच्या चाळीतली एक बाई दुपारी रोजावर चकल्या पाडायला येई.

नियम मुळात वाईट नाही. उद्या माझ्या डोक्यावर कुणी पिठाची गिरणी सुरू केली, तर तक्रारीचा पहिला अर्ज मीच लिहीन. पण दुखऱ्या खांद्याला दुसरा हात लागला की घरगुतीपणा संपतो, हे काही मला पटेना. आणि काम बाहेरून दिसू न देण्याची अट? ती तर आमच्या घरांतल्या बायका नियमावलीच्या कितीतरी आधीपासून पाळीत आल्या आहेत!

वाट काकूंनीच काढली. “अहो, लिज्जतच्या बायका काय करतात? पीठ घरी नेतात, पापड लाटून आणतात.” खरेच होते. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या एका गच्चीवर सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन ते काम मांडले. पुढे ते हजारो घरांत पसरले. पण लाटणारी कुणाची नोकर नव्हे, ती सभासद भगिनी. काकूंनी चाळीतल्या बाईला भाजणी आणि दुसरा सोऱ्या दिला, नफा निम्मा ठरवला. चकल्या आता दोन घरांत पडू लागल्या.

नोटिशीला मी व्याख्येसकट दोन पानी उत्तर लिहिले. समितीने ते दप्तरी दाखल केले. ना होय, ना नाही. २०१८ साली मुंबईला नवी नियमावली आली. घरगुती व्यवसायाला तिच्यातही जागा आहे.

पाटी काकूंनी टाकली नाही. दाराच्या आतल्या बाजूला लावली. तळताना त्यांना समोर दिसते.