राणीचा रंग

गेल्या महिन्यात एसटीत माझ्या शेजारी एक बाई बसली होती आणि तिच्या मांडीवर झाशीची राणी झोपली होती. सहा-सात वर्षांची असेल. शिवलेली इलॅस्टिकची नऊवारी, कपाळावर आडवी चंद्रकोर, गळ्यात खोट्या मोत्यांच्या माळा. पाठीला बांधलेली बाहुली आईनं सोडून पिशवीत कोंबली होती आणि पुठ्ठ्याची तलवार खिडकीच्या गजात अडकवून ठेवली होती. मला आधी जाणवला तो वास. टाल्कम पावडर, घाम आणि डोक्याचं खोबरेल, तिन्ही एकत्र. पावडर हनुवटीपर्यंत होती, तिथे एक रेघ होती आणि रेघेखाली, मानेवर, कानामागे मुलगी आपल्या रंगाची होती. सावळी, तुकतुकीत.

“पहिला नंबर आला,” तिची आई म्हणाली. मी मनापासून कौतुक केलं. पण कराड येईपर्यंत माझी नजर त्या रेघेवरून हटेना.

माझ्या हनुवटीखाली शाळेतल्या एका बाईंचं बोट अजून आहे. विविध वेशभूषा स्पर्धेची नावं घेणं चाललं होतं. मी राणी होणार म्हणून हात वर केला, तेव्हा बाई बाकाशी आल्या, बोटानं माझा चेहरा वर उचलला, उजेडाकडे वळवला आणि मागच्या बाईंना म्हणाल्या, “ही कोळीण छान दिसेल.” आवाजात वाईट काही नव्हतं. उलट लाडच होता. राणी झाली ती डॉक्टरांची मुलगी, गोरी, घाऱ्या डोळ्यांची. पाठांतर तिचं कच्चं होतं. मला राणीचं सगळं भाषण येत होतं.

घरी आईनं तयारी करून ठेवली होती. तिच्या लग्नातला शालू नऊवारी होता. दादांच्या उपरण्याचा फेटा बांधून बघितला होता. चहाच्या खोक्यातला चांदीचा कागद पुठ्ठ्यावर चिकटवून तलवार झाली होती. मी काय झालं ते सांगितलं. आई काही बोलली नाही. शालूची घडी घातली, ट्रंकेत डांबरगोळ्यांत ठेवला आणि शेजारच्या काकूंकडे टोपली मागायला गेली. तिच्या त्या गप्प बसण्याबद्दल मी तिला कधी विचारलं नाही आणि आता विचारायला ती नाही. तिचाही रंग माझाच होता, किंवा माझा तिचा.

कोळीण मी चांगली केली. अबोलीची वेणी, पुठ्ठ्याचे पापलेट, कमरेवर हात. दुसरा नंबर आला, नाव कोरलेली स्टीलची वाटी मिळाली. पुढच्या वर्षी मला भाजीवाली केलं, त्याच्या पुढच्या वर्षी कडकलक्ष्मी. गोऱ्या मुली भारतमाता, परी, जिजाऊ व्हायच्या. यादी दरवर्षी तीच असायची आणि ती कुणी लिहून ठेवलेली नसायची.

वर्गात फळ्याच्या वर राणीचं चित्र होतं. पांढरा घोडा, गुलाबी गाल. मी ते सत्य मानलं होतं. रंग कॅलेंडर रंगवणाऱ्यानं ठरवला असेल, हे सुचायला फार वर्षं गेली. कॉलेजच्या वाचनालयात जॉन लँग हाती लागला. हा ऑस्ट्रेलियात जन्मलेला वकील, कंपनी सरकारशी भांडणारा. 1854 साली झाशी खालसा होण्याच्या सुमाराला राणीनं त्याला सल्ल्यासाठी बोलावून घेतलं. ती पडद्याआड होती. बोलणं चालू असताना तिच्या छोट्या दत्तक मुलानं, दामोदरनं, पडदा ओढला, चुकून की मुद्दाम हे लँगलाही कळलं नाही, आणि त्याला ती दिसली. 1859 च्या आपल्या पुस्तकात त्यानं लिहून ठेवलंय: अंगावर साधी पांढरी तलम मलमल, कानांतल्या सोन्याच्या डुलांखेरीज दागिना नाही, डोळे फार सुंदर, आणि रंग? फारशी गोरी नव्हती, काळीही म्हणता येणार नाही.

ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. एका परक्या माणसाची क्षणभराची नजर, तीही दिव्याच्या उजेडातली. साम्राज्याच्या काळातला गोरा पुरुष एका बाईच्या रंगरूपाचं मोजमाप करतो, यात मला आवडण्यासारखं खरं तर काही नव्हतं. तरी मला ते पान फाडून त्या बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवावंसं वाटलं. अजून वाटतं. त्या बोटाचा राग मी सोडलेला नाही, सोडायचाही नाही. कारण रोज कुठे ना कुठे कुणीतरी एखाद्या पोरीची हनुवटी उजेडाकडे वळवून बघत असतं.

आणि वेश? त्याबद्दल तर आपल्याकडे मराठीतच साक्षीदार आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणा मिळवायला 1857 साली उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या वावटळीत सापडून झाशीत पोचले. इंग्रज सेनापती ह्यू रोजनं 1858 मध्ये शहराला वेढा घातला तेव्हा ते आत होते. त्यांचा ‘माझा प्रवास’ चिंतामणराव वैद्यांनी 1907 साली छापला. त्यांची बाईसाहेब, म्हणजे राणी, कधी बायकी वेशात असते, कधी पुरुषी: पायांत पायजमा, अंगात बंडी, डोक्याला टोपी आणि वर पागोटं, कमरेला दुपट्टा, त्यात तलवार. एकाही स्नेहसंमेलनात मी ही राणी पाहिलेली नाही. किती सोपी आहे! भावाचा पायजमा आणि आजोबांचं पागोटं. पावडर लागत नाही, भाड्याचा ड्रेस लागत नाही, आणि मुलीला धावता येतं.

झलकारीबाई मात्र मला वाचून नाही, ऐकून कळली. झाशीला गेले होते, किल्ल्यावरच्या माणसानं सांगितलं. कोरी समाजातली, विणकरांच्या घरातली ही बाई राणीच्या फौजेत होती. बुंदेलखंडात लोक सांगतात की तिचा तोंडवळा हुबेहूब राणीसारखा होता. किल्ला पडायला आला तेव्हा तिनं राणीचे कपडे चढवले आणि सरळ इंग्रजांच्या छावणीकडे निघाली, म्हणजे खऱ्या राणीला निसटायला वेळ मिळावा. 2001 साली टपाल खात्यानं तिचं तिकीटही काढलं. कागदोपत्री पुरावा किती, हे इतिहासकारांनी बघावं. मला एवढंच दिसतं, की एका अख्ख्या मुलखाला कोरी विणकरीण राणीसारखी दिसते हे मान्य आहे. तिच्याइतकी जोखमीची वेशभूषा दुसऱ्या कुणी केली असेल असं मला वाटत नाही. नंबर काढायला कुणी नव्हतं, आणि ओळखू आली असती तर मरण होतं.

हे सगळं मी एकदा ऑफिसातल्या मैत्रिणीला सांगत होते. ती वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली. राणीपर्यंत तिनं शांतपणे ऐकलं, मग म्हणाली, “तुला कोळीण केली त्याचं एवढं वाईट वाटलं?” मी थांबले. “माझी आई रोज तेच नेसते. आमच्या शाळेतपण मुली कोळीण व्हायच्या, गालाला लाली लावून. मी पहिल्या बाकावर बसून बघायची. आईचे कपडे, आणि लोक हसायचे.”

या बाजूनं मी कधी पाहिलंच नव्हतं. राणीचे कपडे आपल्याला नाकारले एवढंच मी उराशी धरून बसले होते. जे दिले ते कुणाचे होते?

त्या रविवारी तिच्या घरी गेले. तिची आई बाजारातून येऊन हातपाय धुऊन बसली होती, सत्तरी ओलांडलेली. मैत्रिणीनं गंमत म्हणून सांगितलं, की ही लहानपणी कोळीण झाली होती. म्हातारीनं विचारलं, “लुगडं कसं नेसलेलीस?” मी हातांनी दाखवलं. तिनं मान हलवली, उठली, कपाटातून हिरवं लुगडं काढलं आणि मला उभं केलं. पोटऱ्या मोकळ्या राहतील असं वर घेऊन, मांड्यांना घट्ट लपेटून, मागे कासोटा आवळला. पदर वाऱ्यावर सोडायचा नाही, वरून वेगळी ओढणी. होडीतून मासळी उतरवून घ्यायला चिखलात शिरायचं, ओली टोपली डोक्यावर घ्यायची, गाडी पकडायला पळायचं, तर पायांत काही येता कामा नये, असं ती प्रत्येक वेढ्याबरोबर सांगत होती. घोड्यावर मांड टाकायलाही हाच कासोटा लागतो, हे माझ्या मनात आलं. ती म्हणाली, “बोटीत चढायला.”

नेसवून झाल्यावर तिनं मागे सरून मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. चेहऱ्याकडे बघितलंच नाही. गाठ तेवढी बघितली.

“आता चालून दाखव गो,” म्हणाली.

स्टेजवर मला नुसतं उभं केलं होतं. मी ओसरीवरून खाली उतरले, गल्लीत सुकट घातली होती तिथपर्यंत गेले, वळून आले. कासोटा ढिला पडला होता. तिनं तो सोडला आणि पहिल्यापासून पुन्हा नेसवायला घेतलं.